नकाशावरचा ठिपका आणि आईचा रक्तदाब

मागच्या महिन्यातील एका सोमवारची गोष्ट. बाह्यरुग्ण विभागात नेहमीसारखी गर्दी होती. अक्कलकोट तालुक्यातल्या एका गावाहून एक मावशी आल्या होत्या, सोबत बारावीतली मुलगी. मावशींचा रक्तदाब १८०/१०० निघाला. आधीच्या कागदांवर तो बरा होता, गोळ्याही चालू होत्या. "मावशी, मीठ वाढलंय का? गोळी चुकली का?" असे विचारले. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "गोळी चुकली न्हाई सायेब. पोराचं जहाज दिसंना झालंय. तीन दिस झालं, डोळ्याला डोळा न्हाई."

मुलीने मोबाइल पुढे केला. त्यावर समुद्राचा नकाशा होता, त्यात शेकडो रंगीत ठिपके. भाऊ एका मालवाहू जहाजावर खलाशी आहे. आखातातून निघून जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे चालले होते. रोज सकाळ-संध्याकाळ मुलगी जहाजाचे नाव टाकायची, ठिपका दिसायचा आणि आई चहा घ्यायची. तीन दिवसांपूर्वी ठिपका गेला. शेवटची नोंद भर अरबी समुद्राच्या कडेला. त्यात टीव्हीवर तांबड्या समुद्राच्या बातम्या. मग काय, दर अर्ध्या तासाला मोबाइल उघडायचा आणि दर वेळी छातीत धस्स व्हायचे.

गोळीचा डोस वाढवणे सोपे होते. पण दुखणे नकाशावर होते. म्हणून त्या दिवशी रांग थोडी थांबवून मायलेकींना ठिपका म्हणजे काय हे सांगायचा प्रयत्न केला. तेच आज सविस्तर सांगतो. जगातल्या जहाजांवर काम करणाऱ्यांत दर दहांत साधारण एक भारतीय असतो, आणि ते सगळेच काही मुंबई-रत्नागिरीचे नसतात. दहावी-बारावीनंतर सहा महिन्यांचा अभ्यासक्रम करून जहाजावर गेलेली मुले आता दुष्काळी तालुक्यांतही आहेत. शिवाय सोलापूरचे टॉवेल आणि डाळिंबे न्हावा शेवा बंदरातून समुद्रमार्गेच परदेशी जातात. तेव्हा समुद्र आपल्यापासून दूर आहे, हे पूर्णपणे खरे नाही.

जहाज बोलते, म्हणून दिसते

पहिला गैरसमज असा की, वरून कोणीतरी कॅमेऱ्याने जहाजावर नजर ठेवून असते. तसे नाही. जहाज स्वतःच बोलते. प्रत्येक मोठ्या जहाजावर एआयएस नावाचे यंत्र असते. ते दर काही सेकंदांनी रेडिओवर जाहीर करते: मी अमुक, माझा नऊ आकडी क्रमांक हा, मी या अक्षांश-रेखांशावर आहे, इतक्या वेगाने या दिशेला चाललो आहे. जहाज चालत असेल तर दोन ते दहा सेकंदांनी, नांगरून उभे असेल तर तीन मिनिटांनी. नाव, आकार, कुठे चालले ही माहिती दर सहा मिनिटांनी. नऊ आकडी क्रमांकाची सुरुवात ४१९ ने असेल तर जहाज भारतीय नोंदणीचे.

हे यंत्र मुळात एकमेकांवर आदळू नये म्हणून आहे. धुक्यात, रात्री, वळणावर समोरच्या जहाजाला आपण दिसावे एवढाच हेतू. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या नियमानुसार परदेशी फेऱ्या करणाऱ्या ३०० टन क्षमतेच्या वरच्या जहाजांना आणि सर्व प्रवासी जहाजांना ते सक्तीचे आहे. २००४ च्या अखेरीपर्यंत ही सक्ती पूर्णपणे लागू झाली.

बोलणे चालते ते १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झ या दोन वाहिन्यांवर. शेकडो जहाजे एकाच वाहिनीवर बोलणार, मग गोंगाट का होत नाही? इथे युक्ती आहे. एका मिनिटाचे २,२५० तुकडे केलेले असतात. प्रत्येक जहाज एका तुकड्यात बोलते आणि पुढे कोणत्या तुकड्यात बोलणार तेही सांगून ठेवते. दवाखान्यातल्या टोकनसारखेच, फक्त टोकन देणारा कोणी नाही. रांगेतले लोक आपापसांत नंबर ठरवतात आणि पाळतातही. आमच्या बाह्यरुग्ण विभागाला हे जमले तर बरे होईल!

महत्त्वाचे म्हणजे हे बोलणे कुलूपबंद नाही. ज्याच्याकडे ऐकण्याचे साधन आहे त्याला ते ऐकता येते. मोबाइलवरचा नकाशा असाच तयार होतो. जगभरच्या किनाऱ्यांवर हजारो हौशी माणसांनी, महाविद्यालयांनी, बोट क्लबांनी छपरावर अँटेना लावून ऐकलेले संदेश इंटरनेटवर एकत्र येतात. मरीनट्रॅफिक हे आज सर्वात माहीत असलेले संकेतस्थळ २००७ मध्ये ग्रीसमधल्या एजियन विद्यापीठातील एका प्रकल्पातूनच सुरू झाले.

छपरावरचा कान

असा कान लावायला पूर्वी महागडे यंत्र लागे. चित्र पालटले ते सॉफ्टवेअर रेडिओमुळे. जुन्या रेडिओत प्रत्येक कामाला वेगळा भाग असायचा: लहरी निवडणारा, गाळणारा, आवाज वेगळा काढणारा. एफएमचा रेडिओ एफएमच ऐकणार. सॉफ्टवेअर रेडिओत यंत्राचे काम एवढेच, की अँटेनावर आलेली लहर सेकंदाला काही लाख वेळा मोजायची आणि ते आकडे संगणकाकडे द्यायचे. गाळणे, निवडणे, अर्थ लावणे हे सगळे संगणकातला प्रोग्रॅम करतो. प्रोग्रॅम बदला, तेच यंत्र एफएम ऐकेल, विमानांचे संदेश वाचेल, नाहीतर जहाजांचे.

आम्हा डॉक्टरांना ही कल्पना अनोळखी नाही. एमआरआय म्हणजे दुसरे काय? दीड टेस्लाच्या चुंबकात शरीरातल्या पाण्यातील हायड्रोजनचे अणू सुमारे ६४ मेगाहर्ट्झवर अगदी क्षीण रेडिओ लहर सोडतात. रुग्णाभोवतीची कॉइल ही खरे तर अँटेना. ती लहर मोजून संगणक गणित करतो आणि आपल्याला मेंदूचे चित्र दिसते. तीन टेस्लाच्या यंत्रात हाच आकडा १२८ मेगाहर्ट्झच्या आसपास जातो, म्हणजे जहाजांच्या १६२ च्या शेजारीच. बाहेरच्या रेडिओ लहरी आत शिरू नयेत म्हणून एमआरआयच्या खोलीला धातूचे अस्तर लावतात, ते यासाठीच.

जहाजे ऐकणाऱ्यांचे नशीब उघडले ते एका योगायोगाने. संगणकावर टीव्ही पाहण्यासाठी पेनड्राइव्हएवढे स्वस्त डोंगल युरोपात विकले जात होते. त्यातली चिप एफएम ऐकताना मोजलेले कच्चे आकडेच संगणकाकडे पाठवते, हे हौशी प्रोग्रॅमरांच्या लक्षात आले. २०१२ मध्ये ही माहिती पसरली आणि टीव्हीचे डोंगल कामचलाऊ सॉफ्टवेअर रेडिओ बनले. आज चांगले डोंगल काही हजार रुपयांत मिळते. त्याला एखादा जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक जोडायचा. या लहरीची लांबी १.८५ मीटर, त्यामुळे चौथाई लांबीची म्हणजे साधारण ४६ सेंटिमीटरची तार अँटेना म्हणून चालते.

राहिले सॉफ्टवेअर. एआयएस-कॅचर हा प्रोग्रॅम आकड्यांतून जहाजांचे संदेश वेगळे काढतो, ओपनसीपीएन हा सागरी नकाशावर ते दाखवतो. दोन्ही मुक्त आहेत. मुक्त म्हणजे केवळ फुकट नव्हे. प्रोग्रॅम कसा लिहिला आहे हे कोणालाही वाचता येते, चूक सापडली तर दुरुस्त करता येते, ती दुरुस्ती इतरांना देता येते. वैद्यकात आपण म्हणतो, उपचार कसा केला ते उघड सांगा, म्हणजे दुसऱ्याला पडताळता येईल. हे त्याच वाटेवरचे आहे. एक सूचना मात्र: आपल्या देशात बिनतारी उपकरणांना परवान्याचे नियम आहेत. प्रयोग करू इच्छिणाऱ्यांनी आधी परवानाधारक हॅम मंडळींकडून ते समजून घ्यावेत. आणि काम फक्त ऐकण्याचे आहे. या वाहिनीवर बोलण्याचा प्रयत्न म्हणजे कोणाच्या तरी जिवाशी खेळ.

सोलापुरातून जहाजे ऐकू येतील का? नाही. या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. छपरावरची अँटेना २५ मीटरवर आणि जहाजावरचीही तेवढ्याच उंचीवर असेल तर पल्ला सुमारे ४० किलोमीटर. कोकणातल्या शंभर मीटर उंच कड्यावर अँटेना नेली तर तो ६० किलोमीटरच्या घरात जातो. आपण किनाऱ्यापासून जवळपास तीनशे किलोमीटर आत, मध्ये सह्याद्री. आपल्या विद्यार्थ्यांना त्याच डोंगलवर डोक्यावरून जाणारी विमाने मात्र नक्की वाचता येतील. जहाजांसाठी किनारा गाठावा लागेल.

ठिपका हरवला: निदान काय?

या ४०-६० किलोमीटरच्या हिशेबातच मावशींच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे. एका लक्षणाची अनेक कारणे असतात. डॉक्टर ती मनात मांडतो, नेहमीची आधी, घातक शेवटी. पण घातकाला विसरत नाही. हरवलेल्या ठिपक्याचे निदान तसेच करू.

पहिले आणि सर्वात नेहमीचे कारण: जहाज लांब गेले. भर समुद्रात ऐकायला कोणी हौशी माणूस नसतो. तिथे उपग्रह ऐकतात. आपल्या इस्रोने २०११ मध्ये सोडलेल्या रिसोर्ससॅट-२ वरही असा एआयएस ऐकणारा भाग होता. पण उपग्रहावरून मिळणारी ताजी नोंद बहुतेक संकेतस्थळे पैसे घेऊन दाखवतात. फुकटच्या ॲपवर जहाज किनारा सोडताच दिसेनासे होते आणि दुसरा किनारा आला की पुन्हा उगवते. मधले आठ-दहा दिवस ते बुडालेले नसते, केवळ आपल्याला दिसत नसते.

दुसरे: ऐकणारा कान बंद पडला. त्या किनाऱ्यावरच्या हौशी माणसाची वीज गेली, नाहीतर इंटरनेट.

तिसरे: गर्दी. उपग्रहाला एका वेळी लाखो चौरस मैलांवरची जहाजे ऐकू येतात. टोकनची शिस्त जवळच्या जवळ चालते, इतक्या मोठ्या पसाऱ्यात नाही. संदेश एकमेकांवर आदळतात आणि काही हरवतात.

चौथे: कप्तानाने यंत्र मुद्दाम बंद केले. धक्का बसेल, पण नियमात याला जागा आहे. यंत्र चालू ठेवल्याने जहाजाच्या सुरक्षिततेला धोका आहे असे कप्तानाला वाटले, तर तो ते बंद करू शकतो. चाच्यांच्या किंवा हल्ल्यांच्या पट्ट्यात गप्प राहणे हे संरक्षणही असू शकते.

पाचवे: लपवाछपवी. निर्बंध चुकवून तेल नेणारी जहाजे ठिपका बंद करतात.

सहावे: खरोखरचे संकट. वीज गेली, आग लागली, जहाज बुडाले. हे सर्वात विरळ. आणि इथे मावशींना सांगितलेली सर्वात महत्त्वाची गोष्ट: संकट ओळखण्यासाठी ठिपक्यावर कोणी अवलंबून नसते. मोठ्या जहाजावर आणीबाणीचे वेगळे यंत्र असते. जहाज बुडाले तर ते आपोआप सुटून तरंगते आणि ४०६ मेगाहर्ट्झवर थेट उपग्रहाला हाक देते. भारताच्या बाजूची हाक बेंगळुरूच्या इस्रो केंद्रात पोहोचते आणि तिथून तटरक्षक दलाकडे जाते. आपला ठिपका हरवणे म्हणजे बोटावरची ऑक्सिजन मोजणारी चिमटी निसटणे. पडद्यावर आकडा जातो, घंटी वाजते. अनुभवी सिस्टर आधी पडदा बघत नाही, रुग्ण बघते. नंतर चिमटी नीट लावते.

दिसणारा ठिपका खरा असतो?

आता उलट बाजू. आकडा दिसतो म्हणून रुग्ण बरा असे नाही, हे प्रत्येक निवासी डॉक्टर पहिल्या वर्षी शिकतो. जहाज आपली जागा सांगते ती जीपीएसवरून. जीपीएसलाच कोणी फसवले तर जहाज प्रामाणिकपणे खोटे बोलते. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात नोव्होरोसियस्क बंदराजवळच्या वीसेक जहाजांना आपण चक्क विमानतळावर उभे आहोत असे दिसू लागले. मे २०२५ मध्ये जेद्दाजवळ एमएससी अँटोनिया हे कंटेनर जहाज उथळ जागी रुतले, त्यामागे जीपीएसमधील अडथळ्याचा संशय व्यक्त झाला. जून २०२५ मध्ये इस्राएल-इराण संघर्षाच्या दिवसांत होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ शेकडो जहाजांचे ठिकाण नकाशावर भलतीकडे उड्या मारत होते. त्याच दिवसांत, १७ जूनला, तिथून जवळच फ्रंट ईगल आणि अडॅलिन ही दोन तेलवाहू जहाजे आदळली आणि आग लागली. संयुक्त अरब अमिरातीच्या अधिकाऱ्यांनी याचे कारण नौकानयनातील चूक असे सांगितले. खलाशी वाचले.

तांबड्या समुद्रात तर या यंत्राचा वापरच बदलला. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी हुथी बंडखोरांनी गॅलेक्सी लीडर हे जहाज पळवले आणि त्यानंतर हल्ले वाढले. एआयएसमध्ये गंतव्य बंदर लिहायला वीस अक्षरांची जागा असते. अनेक जहाजांनी तिथे बंदराचे नाव न लिहिता 'सर्व खलाशी चिनी', 'इस्राएलशी संबंध नाही' अशा अर्थाचे मजकूर टाकले. धडक टाळण्याच्या यंत्रावरून जहाजे आता जिवाची विनवणी करत होती. अरबी समुद्रातही २३ डिसेंबर २०२३ रोजी केम प्लूटो या मंगळूरला निघालेल्या रसायनवाहू जहाजावर ड्रोनचा हल्ला झाला. त्यावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते. पुढे ते मुंबईला आणले गेले.

साहजिकच प्रश्न पडतो, मग हे सगळे उघडे ठेवायचे कशाला? आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००४ मध्येच म्हटले होते, की एआयएसची माहिती जगाला खुली करणे सुरक्षेला बाधक ठरू शकते. ही शंका खोटी नाही. पण दुसऱ्या बाजूचा अनुभव आपल्याच किनाऱ्यावर आहे.

न बोलणारे जहाज

३१ जुलै २०११. जुहू-वर्सोव्याच्या किनाऱ्यावर सकाळी लोकांना एक तेलवाहू जहाज वाळूत रुतलेले दिसले. एमटी पवित, क्षमता सुमारे हजार टन. जहाजावर माणूस नव्हता. महिनाभर आधी ओमानच्या बाजूला जहाजात पाणी शिरून ते बंद पडले होते, खलाशांना वाचवण्यात आले होते आणि जहाज बुडाले असे धरले गेले. ते बुडाले नाही. पावसाळी वाऱ्याबरोबर अख्खा अरबी समुद्र ओलांडून ते मुंबईच्या दारात आले आणि वाटेत कोणाच्या लक्षात आले नाही. तेही २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याला तीन वर्षे पूर्ण होण्याआधी. तो हल्लाही 'कुबेर' या पळवलेल्या मासेमारी नौकेतून आला होता. वीजच नसलेल्या जहाजाचा एआयएस बोलणार कुठून? जो बोलतो तोच दिसतो, ही या व्यवस्थेची जन्मजात मर्यादा आहे. वॉर्डात ओरडणाऱ्या रुग्णाकडे सगळे धावतात. कोपऱ्यात गप्प पडलेला जास्त आजारी असू शकतो.

त्यानंतर सुधारणा झाल्या. वीस मीटरपेक्षा मोठ्या नौकांना एआयएस सक्तीचे झाले. दीपगृहांवर ७४ ठिकाणी एआयएस केंद्रे उभी राहिली. किनाऱ्यावर रडार आले. रडार न बोलणाऱ्यालाही पाहते. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली, त्याच कार्यक्रमात देशातील एक लाख मासेमारी नौकांवर इस्रोच्या तंत्राची उपग्रह संदेश यंत्रे बसवण्याची योजना सुरू झाली. लहान होडीतल्या तांडेलालाही वादळाची सूचना मिळेल आणि हाक देता येईल. ही पावले योग्यच आहेत.

पण ठिपक्यात मावत नाही असेही काही असते. २५ मे २०२५ रोजी एमएससी एल्सा ३ हे जहाज कोचीजवळ ६४० कंटेनरांसह बुडाले. सुदैवाने सर्व २४ खलाशी वाचले. जहाजाची जागा सगळ्या जगाला माहीत होती. पण कंटेनरांत काय आहे हे किनाऱ्यावरच्या मच्छीमाराला माहीत नव्हते. १३ कंटेनरांत घातक माल होता, त्यातल्या १२ मध्ये कॅल्शियम कार्बाइड. पाणी लागले की त्यातून ज्वालाग्राही ॲसिटिलीन वायू निघतो. नंतर प्लॅस्टिकचे बारीक मणी किनाऱ्यावर येत राहिले. मुंबईने हे २०१० च्या ऑगस्टमध्ये पाहिले आहे. एमएससी चित्रा आणि खलिजिया या जहाजांच्या टकरीनंतर तेल सांडले, कंटेनर वाहून गेले, त्यातल्या काहींत कीटकनाशके होती. अशा वेळी जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरला पहिल्या तासातच माहिती हवी असते: विष कोणते, उतारा काय, पाण्याने धुवायचे की पाणी लावायचेच नाही. एआयएसमध्ये घातक मालाचा ढोबळ वर्ग सांगायची सोय आहे, मालाची यादी नाही. ती जहाजाच्या कागदांत असते आणि आमच्यापर्यंत उशिरा येते.

आपण काय मागावे, काय करावे

माझे म्हणणे थोडक्यात असे. खुली माहिती आणि सुरक्षा यांत एकच निवडावे लागते, हे खरे नाही. डेन्मार्क आपल्या किनाऱ्यावरच्या एआयएसच्या जुन्या नोंदी कोणालाही मोफत देतो, नॉर्वेही आपल्या किनाऱ्यावरची माहिती खुली करतो. आपल्या दीपगृहांवरची माहिती लोकांच्या पैशातून गोळा होते. काही दिवसांच्या अंतराने, नौदल-तटरक्षकांच्या नोंदी वगळून ती संशोधकांना द्यायला हरकत नसावी. तेलगळती कोणी केली, कोणत्या वाटेवर मच्छीमारांना धोका जास्त, पावसाळ्यात जहाजे किनाऱ्याच्या किती जवळून जातात, हे प्रश्न अभ्यासाला घेता येतील.

दुसरे, कोकणातल्या विज्ञान आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी परवान्याचे नियम पाळून छपरावर एकेक कान बसवावा. खर्च एका चांगल्या मोबाइलपेक्षा कमी. विद्यार्थ्यांना रेडिओ, गणित, प्रोग्रॅमिंग एकत्र शिकता येईल, आणि फुकटच्या नकाशावर आपला किनारा आंधळा राहणार नाही. कुणाचे तरी जहाज तिथून जात असते.

तिसरे, घातक मालाची यादी अपघाताच्या पहिल्या तासात किनारी जिल्ह्यांच्या रुग्णालयांना मिळेल अशी पक्की व्यवस्था हवी. ठिपका कुठे आहे यापेक्षा आम्हाला याची गरज जास्त आहे.

आणि ज्यांची मुले जहाजावर आहेत त्यांच्यासाठी. जहाजाचे नाव बदलू शकते, पण सात आकडी आयएमओ क्रमांक बदलत नाही. तो घरी लिहून ठेवा. मुलाला पाठवणाऱ्या कंपनीचे नाव, तिचा आरपीएसएल नोंदणी क्रमांक आणि आणीबाणीचा फोन कॅलेंडरवर लिहा. जहाज कोणत्या बंदरातून निघाले आणि साधारण किती दिवसांनी दुसऱ्या बंदरात पोहोचेल हे निघतानाच विचारून घ्या. तेवढे दिवस ठिपका नसेल तर घाबरू नका. ती मुदत उलटली आणि फोनही नाही, तर ॲप बघत बसू नका, कंपनीला विचारा. कंपनी दाद देत नसेल तर मुंबईत नौवहन महासंचालनालय आहे, तिथे चोवीस तास चालणारा संपर्क कक्ष आहे. आणि ठिपका दिवसातून दोनदाच बघा. पुन्हा पुन्हा खात्री करून घेतल्याने काळजी कमी होत नाही, उलट वाढते. क्षणभर बरे वाटते आणि पुढची शंका आणखी लवकर येते. चिंतेच्या आजारांत आम्ही हे चक्र रोज पाहतो.

मावशी तीन आठवड्यांनी परत आल्या. जहाज मोंबासाजवळ पुन्हा दिसले होते, पोराचा फोन आला होता. रक्तदाब १४०/८६. मुलगी म्हणाली, "आई आता विचारते, कान लागलाय का तिकडं कुणाचा?" मावशी हसल्या. मग त्यांनीच विचारले, "मग आता गोळी बंद करू का?"

गोळी मात्र बंद करायची नाही, हे त्यांना सांगितले. तुम्हालाही सांगतो.